आडवा मॉनिटर, उभी ॲप्स : डेस्कटॉपवर अँड्रॉइड काही महिने वापरल्यानंतर

डेस्कटॉपवर अँड्रॉइड टाकून बघावं असं ज्यांच्या मनात आहे त्यांना आधीच सांगते, बूट होईल का, आवाज येईल का, नेट मिळेल का, हे प्रश्न एका संध्याकाळीत निकाली निघतात. मॉनिटरवरचं अख्खं चित्र अचानक नव्वद अंशात फिरतं, त्याचं काय करायचं हा प्रश्न महिनोन्‌महिने पुरतो. हा अनुभव लिहायला बसले तीही त्याच एका गोष्टीमुळे. नव्या आवृत्तीवर गेल्यावर ती बरीचशी सुटली आणि या सगळ्या प्रकाराबद्दलचं माझं मत पालटलं. म्हणून खाली आधी भरपूर तक्रार आहे, आणि ती कुठे मागे घेतली तेही आहे.

मशीन चौथ्या पिढीचं इंटेल आय-५, आठ जीबी रॅम, नंतर बसवलेली एसएसडी, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच, मॉनिटर साधा १९२० बाय १०८०. टचस्क्रीन नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) हवं आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा. म्हणजे एकही भाग न बिघडलेलं मशीन केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद. मला हे मुळीच पटत नाही. चालतं यंत्र भंगारात काढून त्याच कामासाठी दुसरं विकत आणणं मला जमत नाही, आणि जमू नये असंच वाटतं.

लिनक्स का नाही, हा प्रश्न येणारच. लिनक्स मी वापरते. पण या मशीनवर मला फोनमधली ॲप्स मोठ्या पडद्यावर, कीबोर्डसकट हवी होती. क्रोमओएस फ्लेक्स ही गूगलची सिस्टिम जुन्या मशीनवर छान बसते, पण त्यात अँड्रॉइड ॲप्स चालत नाहीत. विंडोजमधली अँड्रॉइडची सोय मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०२५ ला बंद केली. लिनक्सवर वेड्रॉइड, म्हणजे लिनक्सच्या आतच अँड्रॉइड चालवणारा प्रोग्राम, हा चांगला मार्ग आहे, त्याला वेलँड ही लिनक्सची नवी चित्रप्रणाली लागते. ज्यांना मुख्य काम लिनक्सवर करून अधूनमधून एखादं ॲप उघडायचं आहे त्यांनी तोच घ्यावा. मला मशीन सुरू केलं की थेट ॲप्स समोर हवी होती, मध्ये दुसरी सिस्टिम नको होती.

डेस्कटॉपसाठी मिळणारी बहुतेक अँड्रॉइड वितरणं (बसवायला तयार असे संच) अँड्रॉइड-एक्स८६ (एक्स८६ म्हणजे इंटेल-एएमडीच्या पीसी प्रोसेसरचं कूळ) या २००९ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाच्या कुळातली आहेत. चि-वेई हुआंग यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. मी पहिले काही महिने अँड्रॉइड ९ वर बेतलेलं वितरण वापरलं, आता १३ वर बेतलेलं वापरते. त्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण खालच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी वितरणावर नाही, पायाशी अँड्रॉइडची कोणती आवृत्ती आहे यावर ठरतात. प्रोसेसरबद्दल एकच: अँड्रॉइडच्या ६४-बिट एक्स८६ बांधणीला एसएसई ४.२ हा प्रोसेसरमधला सूचनांचा संच लागतो. कोअर २ ड्युओच्या काळातल्या मशीनवर ६४-बिट आवृत्तीचा नाद करू नका. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर ते काढून मदरबोर्डचं ग्राफिक्स वापरा. इंटेल आणि एएमडीला मेसा हा मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच सांभाळून घेतो, एनव्हीडियासाठी मात्र कंपनीबाहेरच्यांनी लिहिलेल्या नूव्हो ड्रायव्हरवर अवलंबून राहावं लागतं.

आता मूळ दुखणं.

अँड्रॉइडमध्ये ॲप आपल्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीच्या फाईलमध्ये) लिहून ठेवू शकतं की मला स्क्रीन उभीच हवी. फोनवर हे कोणाला जाणवतही नाही. डेस्कटॉपच्या मॉनिटरची नैसर्गिक दिशा आडवी असते. अशा ठिकाणी ॲपने उभी स्क्रीन मागितली की जुन्या आवृत्त्यांमधला विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा भाग) मागणी शब्दशः पुरवतो, म्हणजे सगळा डिस्प्लेच नव्वद अंशात फिरवतो. ॲप आडवं पडतं, वरची पट्टी एका बाजूला जाते, आणि कपाटातल्या पुस्तकांच्या कण्यावरची नावं वाचावीत तशी मान वाकडी करून वाचत बसायचं. माउसचं तर विचारू नका. बाण फिरलेल्या चित्राच्या हिशोबाने चालतो, त्यामुळे हात उजवीकडे नेला की तो मॉनिटरवर वर किंवा खाली जातो. हाताला वर्षानुवर्षांची सवय असते. ती अशी मोडली की साधं एक बटण दाबायला दोन-तीनदा चुकायला होतं.

कोणती ॲप्स असं करतात? जी रोज लागतात तीच. बिलं भरायची, तिकिटं काढायची, सामान मागवायचं, सरकारी कागदपत्रांची. खेळ आणि व्हिडिओवाले निदान आडव्या स्क्रीनचा विचार करतात. कामाची ॲप्स करत नाहीत. डेस्कटॉपवर अँड्रॉइड टाकण्याचा माझा हेतूच कामाच्या ॲप्सचा होता, त्यामुळे ही कुरबुर नव्हती, सरळ वर्मावर घाव होता.

अँड्रॉइड ९ वर याचे तीन उपाय आहेत आणि तिन्ही मी नीट वापरून बघितले. पहिला, सिस्टिमच्या सेटिंगमध्ये मूळ दिशाच कायम ठेवायची सक्ती करणं. त्याने फिरणं थांबतं, पण उभ्या स्क्रीनसाठी आखलेला मजकूर आडवा ताणला जातो. लॉगिनच्या पानावर भलंमोठं चित्र सगळी उंची खातं, खालचं ‘पुढे’ बटण स्क्रीनच्या बाहेर जातं आणि पान स्क्रोल होत नाही, कारण फोनवर स्क्रोल लागतच नाही म्हणून बनवणाऱ्याने ते ठेवलेलंच नसतं. कीबोर्डवरची टॅब की दाबत अंदाजाने त्या न दिसणाऱ्या बटणापर्यंत जायचं आणि एंटर मारायचं, इथवर मी गेले आहे. दुसरा उपाय, दिशा बदलणारी वेगळी ॲप्स. पहिल्याचीच पुनरावृत्ती, वर जाहिराती.

तिसरा उपाय बरा: ॲप मोकळ्या खिडकीत उघडायचं. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ही सोय सिस्टिममध्ये प्रायोगिक स्वरूपात आहे. सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधून ती सुरू करायची आणि खालच्या टास्कबारमधून ॲप फोनच्या आकाराच्या खिडकीत काढायचं. उभं ॲप उभ्या खिडकीत सुखाने बसतं. मी खूश होते. पण टास्कबारमधून उघडलं तरच खिडकी. नोटिफिकेशनवर क्लिक केलं, किंवा एका ॲपने दुसरं उघडलं, की ते पूर्ण स्क्रीनवर येतं आणि मॉनिटर पुन्हा फिरतो. पैसे भरताना नेमकं हेच होतं, एक ॲप दुसऱ्याकडे पाठवतं. ऐन व्यवहाराच्या मध्ये स्क्रीन आडवी झाल्यावर जो संताप येतो तो मी शब्दांत सांगत नाही. या टप्प्यावर मत विचारलं असतं तर मी ‘अजिबात टाकू नका’ असंच म्हटलं असतं.

मग अँड्रॉइड १३ वाली आवृत्ती टाकली. इथे एक सुखद गोष्ट कळली, जिच्याबद्दल कोणी पुरेसं बोलत नाही. या कुळातली वितरणं डिस्कच्या एकाच भागावर (ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीच्या पार्टिशनवर) आपापल्या फोल्डरमध्ये राहतात. कर्नल (सिस्टिमचा गाभा), सिस्टिमची फाईल आणि डेटा असं सगळं त्या एका फोल्डरात. मशीन सुरू होताना सिस्टिम निवडू देणाऱ्या ग्रबच्या नोंदीत फक्त कोणता फोल्डर ते लिहिलेलं असतं. म्हणजे जुनं न पुसता नवं शेजारी टाकता येतं आणि मशीन सुरू करताना हवं ते निवडता येतं. जागा तेवढी लागते. नव्या आवृत्तीची धास्ती असणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं. जुनं चालू ठेवून नवं पारखता येणं ही मोठी सोय आहे.

२०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२एल मध्ये गूगलने मोठ्या स्क्रीनसाठी बरंच काम केलं. त्यात सिस्टिमला सांगता येतं की ॲपने दिशेची मागणी केली तरी डिस्प्ले फिरवू नकोस. मग उभं ॲप स्क्रीनच्या मधोमध उभ्या चौकटीत दिसतं आणि दोन्ही बाजूंना मोकळे पट्टे राहतात. ही वागणूक सुरू ठेवायची की नाही हे सिस्टिम बांधणारा ठरवतो. माझ्या वितरणात ती बंद होती, म्हणून पहिल्याच दिवशी मॉनिटर फिरला आणि मी जवळजवळ सगळं पुसायला निघाले होते. टर्मिनल उघडून विंडो मॅनेजरला एक आज्ञा द्यावी लागते: डब्ल्यूएम, मग सेट-इग्नोअर-ओरिएंटेशन-रिक्वेस्ट, मग ट्रू. बस. नोटिफिकेशनवरून उघडा, दुसऱ्या ॲपमधून उघडा, पैशांच्या व्यवहारात इकडून तिकडे जा, मॉनिटर जागचा हलत नाही. इतके महिने ज्यावर मी चिडत होते ते एका ओळीत संपलं. आवृत्ती निवडताना हा एकच निकष लावलात तरी चालेल: पायाशी अँड्रॉइड १२एल किंवा त्यापुढचं असेल तर टाका, ९ किंवा १० असेल तर कितीही हलकं आणि चपळ वाटलं तरी रोजच्या कामासाठी टाकू नका. तसंही अँड्रॉइड ९ ला सुरक्षेचे पॅच येणं कधीच थांबलं आहे.

पुढचं चित्र आणखी चांगलं आहे. २०२५ मधल्या अँड्रॉइड १६ चा नियम असा की त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपने उभ्या स्क्रीनची अट घातली तरी ६०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं एकक) किंवा त्याहून रुंद स्क्रीनवर सिस्टिम ती मानत नाही. खेळांना सूट आहे आणि ॲप बनवणाऱ्यांना तात्पुरती पळवाटही ठेवली आहे. तरी दिशा ठरली आहे. शिवाय क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकत्र आणण्याचं गूगलने त्याच वर्षी जाहीरपणे सांगितलं. म्हणजे ॲप बनवणाऱ्यांना आज ना उद्या आडव्या स्क्रीनचा विचार करावाच लागेल, आणि त्याचा फायदा आमच्यासारख्या जुनी मशीन जगवणाऱ्यांनाही मिळेल.

या ६०० डीपीचा हिशोब प्रत्येकाने समजून घ्यायलाच हवा, कारण ॲप तुम्हाला फोन समजतं की टॅबलेट हे बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. स्क्रीनची कमी असलेली बाजू घ्या, १६० ने गुणा आणि सिस्टिममध्ये ठरवलेल्या डेन्सिटीने, म्हणजे इंचामागच्या ठिपक्यांच्या आकड्याने, भागा. माझी कमी बाजू १०८०. डेन्सिटी १६० असेल तर १०८० डीपी, सगळं टॅबलेटसारखं पण अक्षरं बारीक. २४० केली तर ७२० डीपी, अक्षरं वाचनीय आणि मांडणीही टॅबलेटची. ३२० केली तर ५४० डीपी, आणि मेलचं ॲपसुद्धा दोन रकाने सोडून फोनसारखं एकच लांबलचक यादी दाखवायला लागतं. अक्षरं मोठी हवीत म्हणून लोक डेन्सिटी वाढवत जातात आणि मग अँड्रॉइड मॉनिटरवर वाईट दिसतं म्हणून तक्रार करतात. डेन्सिटी २४० वर ठेवा आणि अक्षरांचा आकार सेटिंगमधून वेगळा वाढवा. मॉनिटर याहून मोठ्या रिझोल्यूशनचा असेल तर तोच हिशोब नव्याने करा.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्यांनी माझा निर्णय बदलला नाही.

वेग उत्तम. एसएसडीवर हे मशीन विंडोजपेक्षा कितीतरी लवकर तयार होतं आणि आठ जीबीत ॲप्स मागे बंद पडत नाहीत. चार जीबीतही चालेल, ब्राउझरचे टॅब मात्र आवरावे लागतील. अनेक ॲप्समध्ये फक्त एआरएम, म्हणजे फोनमधल्या, प्रोसेसरसाठीचा कोड असतो. तो एक्स८६ वर चालवायला मध्ये अनुवादाचा थर लागतो, इंटेलचा हुडिनी किंवा गूगलचा स्वतःचा. साध्या ॲप्सना फरक पडत नाही. फोटो आणि व्हिडिओ संपादनाची काही ॲप्स यामुळे रेंगाळतात आणि पंख्याचा आवाज वाढतो. कीबोर्ड-माउससाठी बनवलेली ॲप्स थोडी, पण कॉपी-पेस्ट, ऑल्ट-टॅब नीट चालतं. दोन बोटांनी मोठं करायचे नकाशे आणि फोटो माउसने त्रास देतात.

नेट केबलने घेत असाल तर काही ॲप्स ‘वायफाय जोडा’ म्हणून अडून बसतात, कारण त्यांना केबल माहीतच नाही. त्यासाठी केबललाच वायफाय म्हणून दाखवणारी आभासी वायफायची सोय या कुळातल्या वितरणांत असते, बूटच्या ओळीत सुरू करता येते. करून टाका.

झोपेचं नीट लावून घ्या. फोन स्क्रीन बंद झाल्यावरही थोडा जागा असतो. डेस्कटॉप मात्र खराखुरा झोपतो: पंखे बंद, नेट बंद, डाउनलोड अर्धवट. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये चार्जिंग चालू असताना जागं राहण्याचा पर्याय आहे. डेस्कटॉपला वीज कायम जोडलेली, त्यामुळे तो इथे चपखल बसतो. मॉनिटर मी हाताने बंद करते.

पैसे देऊन घेतलेल्या व्हिडिओ सेवांचं मात्र वाईट वाटतं. वाइडव्हाइन या गूगलच्या कॉपी-संरक्षणाचा वरचा स्तर, एल१, प्रमाणित उपकरणातल्या सुरक्षित हार्डवेअरवर चालतो. इथे एल३ मिळतो आणि बऱ्याच सेवा त्यावर साधारण ४८० च्या दर्जाचंच चित्र देतात. फोनच्या स्क्रीनवर ते खपून जातं, मॉनिटरवर चेहरे धूसर दिसतात. यूट्यूबला ही अडचण नाही, १०८० पर्यंत स्वच्छ चालतं. या पिढीच्या प्रोसेसरमध्ये यूट्यूबचं व्हीपी९ हे व्हिडिओ-स्वरूप उलगडणारं हार्डवेअर नसल्यामुळे काम सीपीयूवर पडतं एवढंच.

बँकेची ॲप्स डेस्कटॉपवर चालतील ही आशा सोडून द्या. गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या उपकरण-तपासणीत हे मशीन प्रमाणित उपकरण ठरत नाही आणि बहुतेक ॲप्स तिथेच थांबतात. तपासणी चकवायच्या युक्त्या फिरत असतात, मी त्या वापरत नाही. आपल्याच पैशांच्या दाराचं कुलूप आपणच सैल का करायचं? ते काम फोनवर ठेवा. प्ले स्टोअर मात्र चालतं. उपकरण प्रमाणित नाही असा संदेश आला तर गूगलच्या पानावर उपकरणाचा क्रमांक नोंदवायचा आणि थोडा वेळ थांबायचं. व्हॉट्सॲप २०२३ पासून दुसऱ्या फोनसकट आणखी चार उपकरणांवर जोडता येतं, त्यामुळे तेही इथे स्वतंत्रपणे चालू राहतं. नेटवर्कवरचा प्रिंटर आपोआप सापडला आणि पहिल्याच वेळी छापून आलं, याचा आनंद मला अपेक्षेपेक्षा जास्त झाला.

दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, डेटाचा फोल्डर इथे फोनसारखा कूटबद्ध नसतो. कोणीही लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून तो वाचू शकतं. मशीन चारचौघांत असेल तर त्यावर खाजगी काही ठेवू नका. त्याच उघडेपणाचा फायदा असा की त्याच पेन ड्राइव्हने अख्ख्या फोल्डरची प्रत काढून ठेवता येते, आणि मी ती नियमित काढते. दोन, हे प्रकल्प अचानक थांबतात. जानेवारी २०१६ मध्ये पीसीसाठी आलेलं रीमिक्स ओएस हे अँड्रॉइड वितरण जुलै २०१७ मध्ये गुंडाळलं गेलं. तेव्हा त्याच्यावर सगळं काम टाकलेल्या लोकांचे हाल झाले होते. मोजक्या लोकांच्या श्रमावर चालणाऱ्या गोष्टीकडून कंपनीसारख्या सेवेची अपेक्षा ठेवता येत नाही. जमेल तेवढी देणगी द्यावी आणि प्रत जवळ ठेवावी.

स्क्रीनच्या दिशेचं एकच शेपूट अजून उरलंय, कॅमेरा. यूएसबी वेबकॅम ओळखला जातो, व्हिडिओ कॉल होतात. पण मधल्या उभ्या चौकटीत बसलेलं ॲप कॅमेरा उघडतं तेव्हा त्याचा समज असा की आपण उभ्या धरलेल्या फोनवर आहोत, आणि ते चित्र नव्वद अंशात वळवून दाखवतं. समोरचा माणूस सरळ दिसतो, मी आडवी. कागदपत्रं स्कॅन करायच्या ॲपमध्येही तेच. काही ॲप्स मोकळ्या खिडकीत रुंद करून उघडली की सुधारतात, काही सुधारत नाहीत. अँड्रॉइड ९ वर मूळ दिशेची सक्ती करून हेच स्कॅनिंगचं ॲप सरळ चालतं. म्हणून तो जुना फोल्डर मी अजून पुसलेला नाही. कागद स्कॅन करायचे असले की मशीन पुन्हा सुरू करून ग्रबमधून ९ निवडते, नेटची केबल आधी काढून ठेवते, आणि काम झालं की परत १३ वर येते.